अ‍ॅस्परॅगसचा वाफा आणि जमिनीचा हक्क

इसवी सनापूर्वी १६०च्या आसपास मार्कस केटो या रोमन जमीनदाराने शेतीवर एक आटोपशीर पुस्तक लिहिलं. लॅटिन गद्यातलं आज पूर्ण स्वरूपात हाती असलेलं हे सर्वांत जुनं पुस्तक. त्याच्या अगदी शेवटाकडे, १६१व्या प्रकरणात, अ‍ॅस्परॅगस कसा लावायचा ते सांगितलं आहे. जमीन ओलावा धरणारी किंवा भारी असावी. ती चांगली खणून वाफे असे पाडावेत की दोन्ही बाजूंनी खुरपता येईल आणि वाफ्यात पाय पडणार नाही. दोन वाफ्यांमध्ये अर्ध्या फुटाची वाट सोडावी. ओळ धरून काठीने भोकं पाडावीत, प्रत्येकात दोन-तीन बिया टोकाव्यात आणि त्याच काठीने माती सारावी. हे सगळं वसंतसंपात उलटल्यावर, म्हणजे मार्चचा तिसरा आठवडा सरल्यावर. पहिल्या हिवाळ्यात थंडी लागू नये म्हणून वाफ्यावर पेंढा पसरावा. तिसऱ्या वर्षी वसंताच्या तोंडावर वाफा जाळून घ्यावा. कोंब काढायचे ते तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षापासून, आणि तेही झाड बियांवर येताना दिसेपर्यंतच. आठ-नऊ वर्षांनी वाफा जुना झाला की मुळांचे गड्डे न तोडता उकरून दुसऱ्या खतावलेल्या जमिनीत एकमेकांपासून किमान एक फुटावर लावावेत आणि वर मेंढ्यांचं लेंडीखत भरपूर घालावं, कारण बाकीच्या खतांनी तण माजतं.

या प्रकरणात अंतरांपेक्षा वर्षांचे आकडे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. तीन वर्षं काही हाती लागणार नाही, पुढे पाच-सहा वर्षं पीक मिळेल, मग गड्डे हलवून पुन्हा नव्याने सुरुवात. अशी सूचना तोच देऊ शकतो ज्याला दहा वर्षांनीही ही जमीन आपल्याच ताब्यात असणार याची खात्री आहे. केटोला ती होती. समशीतोष्ण हवामानात अ‍ॅस्परॅगस केव्हा आणि कसा लावावा यावर त्यानंतर युरोपात पुष्कळ लिहिलं गेलं, आणि त्यातला बराचसा वाद चर किती खोल खणावा याभोवती फिरत राहिला. माझं म्हणणं असं की हा वाद मुख्य प्रश्नाच्या कडेकडेने चालला. अ‍ॅस्परॅगस कोणी लावला, कुठे पसरला आणि कुठे रुजला नाही, याचं उत्तर मातीपेक्षा जमीनधारणेत सापडतं. लागवडीची पद्धत म्हणून जे सांगितलं गेलं, त्यातलं पुष्कळसं प्रत्यक्षात त्या-त्या काळच्या जमीनमालकाच्या सोयीचं वर्णन होतं. हे पटवायचं तर आधी झाडाचा स्वभाव, मग पुस्तकं आणि शेवटी कायदा असा क्रम धरावा लागेल.

आपल्या सह्याद्रीत झुडपांवर चढत जाणारी काटेरी शतावरी आणि युरोपातला अ‍ॅस्परॅगस एकाच प्रजातीतले. आपण शतावरीची मुळं औषधासाठी उकरतो. तिकडे मुळं जमिनीतच ठेवून वसंतात वर येणारे कोवळे कोंब भाजी म्हणून कापतात. कोंब कापला नाही तर तो माणसाच्या छातीपर्यंत वाढतो, त्याला फांद्या फुटतात आणि त्याचा पिसाऱ्यासारखा हिरवा पाला होतो. उन्हाळाभर हा पाला जे अन्न तयार करतो ते शरद ऋतूत मांसल मुळांत उतरतं, पाला पिवळा पडून वाळतो आणि हिवाळ्यात झाड झोपी जातं. पुढच्या वसंतातला प्रत्येक कोंब या साठ्यावर वर येतो. पहिल्या दोन वर्षांत कोंब कापायचे नाहीत या नियमाचं कारण एवढंच की तेव्हा साठाच झालेला नसतो. नीट सांभाळलेला वाफा पंधरा-वीस वर्षं पीक देतो. मात्र जिथे अ‍ॅस्परॅगस दीर्घकाळ होता त्या जमिनीत तो पुन्हा लावला तर नीट येत नाही: जुन्या मुळांतून उतरलेली द्रव्यं आणि मातीत राहिलेली फ्युझॅरियमसारखी बुरशी नव्या रोपांना पुढे येऊ देत नाही. म्हणजे या पिकाला जमीन दीर्घ मुदतीने हवी आणि ती मुदत संपली की दुसरी जमीनही हवी. भाजीपाल्यात असं मागणं मागणारं पीक विरळाच. कोबी किंवा कांदा लावणाऱ्याला एका हंगामापुरती जमीन पुरते.

केटोनंतर सुमारे दोनशे वर्षांनी, इसवी सनाच्या पहिल्या शतकात, कोल्युमेलाने शेतीवर बारा खंडांचा ग्रंथ लिहिला. त्याच्या अकराव्या खंडात अ‍ॅस्परॅगसची लागवड आहे आणि ती वाचताना माणूस शेतावर उभा राहून लिहितो आहे असं वाटतं. बी दाट पेरून त्याच्या मुळांचे गुंतलेले गड्डे होऊ द्यावेत, दोन वर्षांनी ते उन्हाच्या, ओलसर, शेणखत घातलेल्या जागी हलवावेत. सऱ्या एकमेकींपासून एक फुटावर, आणि त्यांची खोली पाऊण फुटाहून जास्त नको. पुढे तो जे सांगतो ते मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत शहाणपणाचं वाक्य वाटतं: जमीन कोरडी असेल तर गड्डे सरीच्या तळाशी बसवावेत, म्हणजे ओल टिकेल, जमीन पाणथळ असेल तर उलट वरंब्याच्या माथ्यावर बसवावेत, म्हणजे पाण्याने मुळं सडणार नाहीत. सरी-वरंब्याचा उपयोग ठाऊक असलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. खोली ही जमिनीच्या निचऱ्यावर ठरते, ती या पिकाची स्वतःची अट नाही, हे त्याने पहिल्या शतकातच सांगून टाकलं होतं. त्याचा समकालीन प्लिनी राव्हेनाच्या वाफ्यांत तीन कोंब मिळून एक रोमन पौंड भरतो असं नोंदवतो. रोमन पौंड आपल्या हिशेबाने सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक कोंब शंभर ग्रॅमहून थोडा अधिक. प्लिनीला हे पोटपूजेचं थेर वाटलं आणि त्याने तसं लिहिलंही. पण एवढा जाड कोंब काढण्याइतकं कसब तेव्हाच्या माळ्यांना साधलं होतं, हे त्याच्या नाराजीतूनच आपल्याला कळतं.

आज समशीतोष्ण देशांत जी लागवड शिफारशीत सांगतात ती कोल्युमेलाच्या फार जवळ आहे. मार्च-एप्रिलमध्ये, जमिनीतला गारठा सरून ती साधारण १० अंश सेल्सिअसपर्यंत उबदार झाली आणि वापसा आला की एक वर्षाचे गड्डे लावतात. त्याआधी, थंड आणि चिंब मातीत लावले तर गड्डे कोंब न काढता कुजतात. भूमध्य समुद्राच्या काठी जिथे हिवाळा सौम्य असतो तिथे शरदातली किंवा हिवाळ्यातली लागवडही चालते. गड्डा हातात घेतला तर मधे कळ्यांचा एक लहानसा पुंजका असतो आणि त्याला सर्व बाजूंनी लोंबणारी, पेन्सिलीएवढी जाड, वीतभर-दीड वीत लांबीची पिवळट मुळं. ही मुळं वाऱ्या-उन्हात लवकर सुकतात आणि वाकवली तर कटकन मोडतात, म्हणून चर तयार होईपर्यंत गड्डे ओल्या गोणपाटाखाली ठेवतात. चर फूटभर रुंद आणि १५ ते २० सेंटिमीटर खोल. त्याच्या तळाशी मधोमध मातीचा बुटका वरंबा करायचा, त्यावर गड्डा बसवायचा आणि मुळं दोन्ही उतारांवर पसरून द्यायची. वर पाच-सात सेंटिमीटर माती. चर लगेच भरायचा नाही. कोंब वर येत जातील तशी माती ओढत न्यायची आणि शरद ऋतूपर्यंत जमीन सपाट करायची. दोन गड्ड्यांत दीड फूट, दोन ओळींत चार ते पाच फूट. गड्डा जास्त खोल गेला तर कोंब उशिरा, संख्येने कमी पण जाड येतात. उथळ राहिला तर लवकर, जास्त पण बारीक येतात. आम्ल जमीन या पिकाला मानवत नाही. खारटपणा मात्र ते बरंच सहन करतं, कारण त्याचे रानटी भाऊबंद समुद्रकाठी वाढतात. म्हणूनच तण मारायला वाफ्यात मीठ टाकण्याची जुनी पद्धत पडली, आणि ती माती बिघडवते म्हणून आता सोडून दिली जाते.

मग दीड-दोन हात खोल खड्ड्यांचा रिवाज आला कुठून? सतराव्या शतकापासून फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या मोठ्या वाड्यांच्या भाजीबागांत तो वाढीस लागला. चौदाव्या लुईसाठी झां-बातिस्त द ला कँतिनी याने १६७८ ते १६८३ या काळात व्हर्सायला राजाची भाजीबाग उभी केली. जागा दलदलीची होती. दुसरीकडची माती आणून ती भरून काढावी लागली. याच बागेत तो वाफ्यांभोवती ताजं, गरम घोड्याचं खत भरून ऐन हिवाळ्यात राजासाठी अ‍ॅस्परॅगस काढत असे. माती पटत नसेल तर मातीच बदलायची आणि ऋतू पटत नसेल तर ऋतूही, एवढी साधनं त्याच्या हाताशी होती. त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १६९० साली निघालं आणि १६९३ साली जॉन एव्हलिनच्या नावाने इंग्रजीत आलं. पुढच्या दीड-दोन शतकांतल्या इंग्रजी बागकामाच्या पुस्तकांत दोन-तीन फूट खोल खणणं, तळाशी खताचे जाड थर, त्यावर चाळलेली माती, दोन-तीन वर्षांचे गड्डे आणि एका वाफ्यात दाट ओळी हे जणू शास्त्रच होऊन बसलं. ही पुस्तकं बहुतेक वेळा मोठ्या घरच्या मुख्य माळ्यांनी किंवा त्यांच्यासाठी लिहिलेली. त्यांच्याकडे तबेल्यातलं खत फुकट होतं, खणायला मजूर होते आणि जमीन पिढ्यान्‌पिढ्या मालकाची होती. जे या परिस्थितीत सहज शक्य होतं तेच पिकाची गरज म्हणून लिहिलं गेलं. भाड्याच्या एकरभर जमिनीवर भाजी पिकवणाऱ्याने ते वाचलं असेल तर हे पीक आपल्यासाठी नाही, एवढंच त्याच्या ध्यानात आलं असणार.

यावर एक रास्त आक्षेप आहे. पंधरा-वीस वर्षं एकाच जागी राहणाऱ्या झाडाच्या मुळाखाली पुन्हा कधीच खत घालता येत नाही. त्याची मुळं काही फूट खोल जातात. तेव्हा एकदाच खोल खणून भरपूर खत पुरणं हे श्रीमंती नसून दूरदृष्टी होती. शिवाय पांढरा अ‍ॅस्परॅगस हवा तर कोंब जमिनीखालीच लांब व्हायला हवा, मग खोली लागणारच. पहिल्या मुद्द्यात तथ्य आहे. कठीण थर फोडला की पाण्याचा निचरा सुधारतो आणि भारी जमिनीत त्याचा उपयोग होतोच. पण जमीन खोलवर मोकळी करणं वेगळं आणि गड्डा खोल पुरणं वेगळं. जुन्या पुस्तकांत या दोहोंची सरमिसळ झाली. भारी जमिनीत खोल पुरलेला गड्डा पावसाळी हिवाळ्यात पाण्यात बसतो, आणि कोल्युमेलाने बजावलं होतं ते नेमकं हेच. पांढऱ्या कोंबांचं म्हणाल तर ज्यांनी त्यात नाव कमावलं त्यांनी खोली वरून दिली. जर्मनीत आणि फ्रान्समध्ये गड्डा बेताच्या खोलीवर लावतात, दर वसंतात ओळीवर मातीचा उंच वरंबा चढवतात, कोंबाचं टोक वर यायच्या आत माती बाजूला करून लांब सुरीने तो कापतात आणि हंगाम संपला की वरंबा उतरवतात. दरवर्षी घालता-काढता येणाऱ्या मातीसाठी मूळ कायमचं गाडून ठेवण्याची गरज पडत नाही.

पॅरिसच्या वायव्येला सीन नदीकाठी असलेल्या आर्जंतेयचं उदाहरण इथे पाहायला हवं, कारण तिथे हे पीक लहान शेतकऱ्याच्या हातात गेलं. एकोणिसाव्या शतकात आर्जंतेयच्या द्राक्ष पिकवणाऱ्यांनी वेलींच्या ओळींमध्ये अ‍ॅस्परॅगस लावला आणि त्याच्या निवडीतून पुढे जगभर गेलेले आर्जंतेय वाण तयार केले. १८६९ साली विल्यम रॉबिन्सनने पॅरिसच्या बागांवरच्या आपल्या पुस्तकात या लागवडीचं तपशीलवार वर्णन करून इंग्रज माळ्यांना सुनावलं की तुम्ही वाफ्यात झाडं कोंबता, फ्रेंच माणूस प्रत्येक झाडाला जागा देतो आणि म्हणून त्याचे कोंब जाड येतात. त्याचं निरीक्षण बरोबर होतं, पण त्याने ते कसबापाशी आणून थांबवलं. आर्जंतेयचा शेतकरी सुटी-सुटी झाडं लावू शकला याचं एक कारण असं की जमिनीचा तो पट्टा, कितीही चिंचोळा असला तरी, त्याचा स्वतःचा होता, आणि तीन वर्षं वाट पाहताना वेली त्याला पोसत होत्या. फळबागेत आंतरपीक घेणाऱ्याचा हिशेब आपल्याला परका नाही. ज्याच्याकडे मालकी आहे आणि मधल्या काळाचं उत्पन्न आहे, त्याला ना राजाचं खत लागतं ना राजाचे मजूर.

पण ज्याच्याकडे मालकी नाही त्याचं काय? या प्रश्नाचं उत्तर इंग्लंडमधल्या वूस्टरशायरमध्ये एव्हन नदीच्या खोऱ्यात, ईव्हशॅम गावाच्या परिसरात मिळालं, आणि माझ्या मते अ‍ॅस्परॅगसच्या सगळ्या इतिहासात यापेक्षा मोलाची घटना नाही. इथली जमीन बरीचशी भारी चिकण. इथल्या माणसांनी गड्डे उंचावलेल्या वरंब्यांवर लावले. पुस्तकी खड्ड्याच्या नेमकं उलट आणि कोल्युमेलाच्या दुसऱ्या पर्यायाला धरून. १८७०च्या दशकानंतर इंग्लंडमध्ये धान्याचे भाव कोसळले, मोठी शेतं परवडेनाशी झाली आणि ईव्हशॅमकडे ती तुकड्यातुकड्यांनी भाजीवाल्यांना खंडाने दिली जाऊ लागली. इंग्लंडमध्ये तेव्हा वर्षावर्षाच्या कराराने जमीन कसणारी कुळं बहुसंख्य होती. कायद्याचं जुनं तत्त्व असं की जमिनीत जे रुजलं ते जमिनीच्या मालकाचं. म्हणजे कुळाने अ‍ॅस्परॅगस लावायचा, तीन वर्षं निंदायचा, खत घालायचं, आणि चौथ्या वर्षी मालकाने जमीन सोडायला सांगितली तर पुढची दहा-बारा वर्षं कोंब खाणार दुसराच. दुसऱ्याच्या जमिनीत आंब्याची कलमं लावताना कोकणातल्या कुळाचा हात जसा अडखळेल तसाच तो इथे अडखळणार. कुठलीही लागवडीची पुस्तिका हा अडथळा दूर करू शकत नव्हती.

ईव्हशॅमच्या माणसांनी तो वहिवाटीने दूर केला. जमीन सोडणाऱ्या कुळाने आपल्या जागी येणारं नवं कूळ स्वतः शोधायचं, मालकापुढे उभं करायचं, आणि त्या नव्या कुळाने अ‍ॅस्परॅगसचे वाफे, प्लमची झाडं, बाकीची दीर्घायुषी लागवड यांची ठरलेली किंमत जुन्या कुळाला थेट चुकती करायची. मालकाला खंड मिळत राही आणि खिशातून काही द्यावं लागत नसे. जुन्याला त्याच्या कष्टाचे पैसे मिळत. नव्याला तयार वाफा मिळे. ही ‘ईव्हशॅम वहिवाट’ म्हणून ओळखली जाते. तिच्यामुळे वाफा ही विकता येणारी वस्तू झाली. जो माणूस आयुष्यभर जमिनीचा मालक होणार नव्हता तो वीस वर्षांचं पीक लावू लागला, कारण पाचव्या वर्षी निघावं लागलं तरी उरलेल्या वर्षांची किंमत त्याला मिळणार होती.

सरकारी कायदा मागून आला. १८८३च्या शेतजमीन कायद्याने कुळाला सुधारणांबद्दल भरपाईचा हक्क दिला होता, पण फळबाग लावण्यासारख्या कायमच्या कामांना मालकाची आगाऊ लेखी संमती लागे. १८९५ साली संसदेने भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या भरपाईचा स्वतंत्र कायदा केला. भाजीमळा म्हणून दिलेल्या जमिनीवर कुळाने जी लागवड केली असेल तिची भरपाई मालकाच्या संमतीवाचूनही मिळेल, असं त्याने ठरवलं. त्यातली यादी पाहण्यासारखी आहे: कायमची लावलेली फळझाडं, फळझुडपं, स्ट्रॉबेरीची रोपं, आणि मग अ‍ॅस्परॅगस व इतर भाजीपिकं. पुढच्या कायद्यांत हे कलम ‘अ‍ॅस्परॅगस, रुबार्ब आणि दोन किंवा अधिक वर्षं उत्पन्न देत राहणारी इतर भाजीपिकं’ अशा आशयाने स्थिरावलं. लागवडीच्या पुस्तकांनी दोन हजार वर्षांत ज्याला हात घातला नव्हता ती गोष्ट, म्हणजे वाट पाहणाऱ्या माणसाचं संरक्षण, कायद्याच्या एका परिशिष्टात आली आणि तिच्यात भाजीपिकांमध्ये या भाजीचं नाव सर्वांत आधी लिहिलं गेलं.

कोणी म्हणेल, ईव्हशॅमची वहिवाट मुळात फळझाडांसाठी होती, अ‍ॅस्परॅगस तिच्या आधाराने वर चढला. असेलही, प्लमचं महत्त्व त्या खोऱ्यात मोठंच होतं. पण माझा दावा वहिवाट अ‍ॅस्परॅगसमुळे जन्मली असा नाहीच. दावा एवढाच की तिच्याशिवाय हे पीक छोट्या कुळाच्या हाती आलं नसतं, आणि त्याला यादीतलं ते नाव पुरेसा पुरावा आहे. दुसरा आक्षेप जास्त खोलवर जातो: तीन वर्षं थांबावं लागतं हा झाडाचा नियम आहे, त्यात जमीनधारणा कुठून आली? खरं आहे. थांबायला झाड लावतं. पण कोणाला थांबणं परवडेल हे झाड ठरवत नाही. लुईच्या बागेत आणि ईव्हशॅमच्या चिकण मातीत झाड एकच होतं.

झाडाचा नियम आणि जमीनधारणा यांचा संबंध कोंबकापणीच्या शेवटच्या दिवसात फार स्पष्ट दिसतो. जर्मनीत, जिथे श्वेत्सिंगेनच्या राजवाड्याच्या बागेत १६६८ साली आणि बीलिट्झच्या शेतात १८६१ साली ही लागवड सुरू झाली, तिथे २४ जूनला, संत योहानच्या दिवशी, कापणी थांबवायची रीत आहे. इंग्लंडमध्येही हंगाम एप्रिलच्या अखेरीपासून जूनच्या उत्तरार्धापर्यंतच. त्यानंतर जो कोंब येईल त्याचा पाला होऊ द्यायचा, कारण पुढच्या वर्षीचं पीक त्या पाल्यात आहे. केटोनेही झाड बियांवर येऊ लागलं की थांबायला सांगितलं होतं. आता विचार करा, ज्या कुळाला यंदाच जमीन सोडायची आहे आणि वाफ्याची दमडीही मिळणार नाही, ते २४ जूनला का थांबेल? ते जुलैभर कापत राहील, वाफा खंगेल आणि त्याला दोष देता येणार नाही. ईव्हशॅमच्या कुळाला मात्र शेवटच्या वर्षीही थांबण्यात फायदा होता: येणारं नवं कूळ वाफा पाहून किंमत ठरवणार होतं. झाड जगवण्याचा नियम पुस्तकांत जुनाच होता; तो पाळण्यात कुळाचं हित ईव्हशॅमच्या वहिवाटीने घातलं.

विसाव्या शतकात संशोधकांनी बरंच काही दिलं. १८९६ साली अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तांबेरा फैलावला तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या काँकॉर्डला जे. बी. नॉर्टन यांनी प्रतिकारक वाण निवडले. त्यातला ‘मेरी वॉशिंग्टन’ अजूनही परसबागांत आहे. पुढे न्यू जर्सीच्या रटगर्स विद्यापीठात फक्त नर झाडांचे संकर निघाले, कारण मादी झाड बी धरण्यात ताकद घालवतं. यांनी उत्पन्न वाढलं, वाट पाहण्याची वर्षं मात्र फारशी घटली नाहीत. पेरू देशाचं उदाहरण माझ्या म्हणण्याला जास्त अडचणीचं आहे. १९९०च्या दशकापासून इका आणि विरू खोऱ्यांतल्या वाळवंटात मोठ्या कंपन्यांनी ठिबक सिंचनावर हजारो हेक्टर लावले. तिथे हिवाळा नाही. पाणी तोडून झाडाला झोपवतात आणि वर्षातून दोनदा पीक काढतात. छोट्या कुळाचा हक्क, वहिवाट यांतलं तिथे काहीच नाही आणि पेरू जगातल्या मोठ्या निर्यातदारांत जाऊन बसला. पण तिथेही दीर्घ मुदतीची पक्की जमीन लागलीच, फक्त ती भांडवलाच्या हाती होती. आणि इकाच्या भूजलाची पातळी ज्या वेगाने खाली गेली त्यावरून त्या भांडवलाला पाण्याची मुदत जमिनीइतकी मोजावीशी वाटली नाही, हे दिसतं. ईव्हशॅमच्या पद्धतीत निघून जाणाऱ्यालाही मागे चांगला वाफा ठेवण्यात हित होतं. पेरूतल्या व्यवस्थेत तसा दुवा मला सापडत नाही, आणि तिचं यश मी ईव्हशॅमच्या यशाच्या पंक्तीला बसवणार नाही.

आपल्याकडे नव्या पिकाची चर्चा निघाली की रोप कुठलं, खत किती, बाजार कुठे हे विचारलं जातं. खंडाने किंवा बटईने जमीन करणाऱ्याला या पिकाची शेवटची वर्षं दिसणार आहेत का, हा प्रश्न क्वचितच येतो. ड्रॅगन फ्रूट असो की आंबा, पहिला प्रश्न तोच असायला हवा. ईव्हशॅममध्ये तो विचारला गेला आणि त्याचं उत्तर टिकलं. इंग्लंड-वेल्समध्ये १९९५च्या कायद्याने कुळांच्या जुन्या संरक्षणाची चौकट १ सप्टेंबर १९९५पासूनच्या नव्या करारांपुरती गुंडाळली. त्या कायद्याच्या चौथ्या कलमात मोजके अपवाद ठेवले आहेत. ईव्हशॅमच्या वहिवाटीने जुन्या कुळाच्या जागी, जुन्याच अटींवर येणारं नवं कूळ हा त्यातला एक आहे.